लेकींनी राखलेलं माहेर

माजी विद्यार्थिनींचा मेळावा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. दाराशी रांगोळी, हातावर अत्तर, कोपऱ्यात जुन्या फोटोंचा फलक. ‘अगं, तू किती बदललीस’ आणि ‘तू मात्र आहेस तश्शीच’ अशी दोन वाक्यं दिवसभर ऐकू येतात. मग कुणीतरी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंची नक्कल करतं, सगळ्या हसतात, जेवण होतं, निधीच्या पावत्या फाडल्या जातात. संध्याकाळी निरोप घेताना एखादी हमखास म्हणते, ‘माहेरी येऊन गेल्यासारखं वाटलं.’

हा ‘माहेर’ शब्द मला नेहमी थोडा थबकवतो. आपल्याकडे माहेराला माया आहे, पण हक्क नाही. माहेरवाशिणीनं चार दिवस यावं, कौतुक करून घ्यावं, साडीचोळी घेऊन परत जावं. घर विकायचं की ठेवायचं, हे तिला कुणी विचारत नसे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला आणि देशभर २००५ मध्ये. त्यानंतरही कितीतरी बहिणी हक्कसोड पत्रावर मुकाट्यानं सही करतात, हे आपण आसपास पाहतोच.

श्रोतेहो, आज मी तुम्हाला अशा लेकींची हकीकत सांगणार आहे, ज्यांनी हक्कसोड पत्रावर सही करायचं नाकारलं. ही हकीकत अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका निवासी महिला कॉलेजची आहे. त्याचं नाव स्वीट ब्रायर. ब्लू रिज नावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, ॲमहर्स्ट काउंटीत, ते वसलं आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका-जिल्हा समजा. लिंचबर्ग हे जवळचं शहर. २०१५ साली कॉलेजची जमीन होती तब्बल ३२५० एकर आणि विद्यार्थिनी होत्या जेमतेम साडेपाचशेच्या आसपास. ३ मार्च २०१५ या दिवशी कॉलेजच्या अध्यक्षांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि सांगितलं, की विश्वस्तांनी ठराव केला आहे, ऑगस्टअखेर कॉलेज कायमचं बंद होईल.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी या कॉलेजचं मूळ सांगायला हवं. कारण २०१५ च्या लढाईत सगळ्यात धारदार हत्यार ठरलं ते एकशे पंधरा वर्षांपूर्वीचं एक मृत्युपत्र.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इलायजा फ्लेचर नावाचा एक तरुण शिक्षक उत्तरेकडच्या व्हरमाँट राज्यातून व्हर्जिनियात आला. हुशार होता, व्यवहारी होता. शाळा चालवली, श्रीमंत घराण्यात लग्न केलं, पुढे लिंचबर्गमध्ये वर्तमानपत्र काढलं, तिथला महापौरही झाला. १८३० च्या सुमारास त्यानं एक मोठा मळा विकत घेतला. रानगुलाबाच्या झुडपांवरून त्याला नाव पडलं स्वीट ब्रायर. इलायजाला मुलींच्या शिक्षणाचं फार. आपल्या दोन्ही मुलींना त्यानं उत्तम शाळांत घातलं, युरोपची सफर घडवली. पण हे सगळं ज्या पैशावर चाललं होतं, तो गुलामांच्या श्रमाचा पैसा होता. १८५८ मध्ये इलायजा वारला तेव्हा त्याच्या मालकीची शंभरावर माणसं होती. त्यांच्यापैकी एका झोपडीवजा घराला अजून छप्पर आहे, मूळ वाड्याच्या मागच्या बाजूला. त्यांचं दफनस्थानही याच आवारात आहे. मुक्त झालेल्या कुटुंबांपैकी काहींचे वंशज पुढे कॉलेजच्या नोकरीत राबले. या कॉलेजची गोष्ट सांगताना हा भाग गाळून चालत नाही.

मळा आला इलायजाची मुलगी इंडियाना हिच्याकडे. तिला एकच अपत्य झालं, मुलगी. पाळण्यातलं नाव मोठं होतं, पण सगळे तिला डेझी म्हणत. १८८४ च्या जानेवारीत ही डेझी आजारानं गेली. सोळा वर्षांची होती. पाच वर्षांनी नवराही गेला. इंडियाना एकटी उरली आणि १९०० च्या ऑक्टोबरमध्ये तीही गेली. मागे निघालं तिचं मृत्युपत्र. सगळा मळा आणि पैसा तिनं मुलींच्या शाळेसाठी ठेवला होता. मुलीच्या स्मरणार्थ ही संस्था निघावी, ती कायम चालावी, आणि तिथे मुलींना असं शिक्षण मिळावं की त्या समाजाच्या उपयोगी पडतील, असा त्याचा आशय. आणि याच कागदावर आणखी एक अट होती: ही शाळा गोऱ्या मुलींसाठी असेल.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते. ज्या १९०० साली इंडियाना गेली, त्याच साली पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर धोंडो केशव कर्व्यांच्या अनाथबालिकाश्रमाची झोपडी उभी राहिली. १९०१ मध्ये स्वीट ब्रायरला सनद मिळाली आणि १९०६ च्या सप्टेंबरमध्ये ५१ मुलींना घेऊन ते सुरू झालं. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, कर्व्यांनी महिला विद्यालय काढलं. इकडे विधवांच्या मुंडनावरून वाद चालले होते, तिकडे गुलामगिरी संपून जेमतेम चार दशकं झाली होती. मुलींनी घर सोडून, एकत्र राहून शिकावं, ही कल्पना दोन्हीकडे नवीच होती. स्वीट ब्रायरच्या पहिल्या तुकडीनं १९१० मध्ये पदवी घेतली तेव्हा पदवीधर होत्या अवघ्या पाच.

डोंगराच्या कुशीत, गावापासून दूर, तीनचारशे मुली वर्षानुवर्षं एकत्र राहिल्या की त्यांचे त्यांचे सण तयार होतात. स्वीट ब्रायरचे रंग ठरले गुलाबी आणि हिरवा. दरवर्षी शरद ऋतूत संस्थापक दिन येतो. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुली काळे झगे घालून, प्राध्यापकांसह आणि आलेल्या माजी विद्यार्थिनींसह टेकडी चढतात. टेकडीवर डेझी आणि तिच्या आईवडिलांच्या समाध्या आहेत. तिथे फुलं वाहतात, डेझीचीच. सोळाव्या वर्षी गेलेली एक मुलगी, जिला कॉलेजात पाऊलही ठेवायला मिळालं नाही, ती अशी शतकभर सगळ्यांची मैत्रीण होऊन राहिली आहे. पदवीदानाच्या दिवसांत कंदिलांचा सोहळा असतो. जाणाऱ्या मुलींसाठी धाकट्या वर्गातल्या मुली कंदील घेऊन चालतात, गाणी होतात, डोळे पुसले जातात. मग वर्षं उलटतात आणि दर पाच वर्षांनी आपापल्या तुकडीचा मेळावा येतो. त्यात पंचविशीतल्या मुलीपासून नव्वदीतल्या आजींपर्यंत सगळ्या येतात आणि बाई कुठल्या गावची यापेक्षा ‘कुठल्या सालची’ हे आधी विचारलं जातं.

बाहेरच्याला हे सगळं थोडं लाडिक वाटेल. गुलाबी-हिरवे कपडे, घोषणा, गाणी. श्रीमंत घरच्या मुलींचं घोडेस्वारीचं कॉलेज अशी त्याची थट्टाही बरीच झाली. घोडेस्वारी तिथे खरोखरच उत्तम शिकवतात. पण १९४८ पासून फ्रान्समध्ये एक वर्ष शिकण्याचा उपक्रम याच लहानशा कॉलेजनं चालवला आणि त्याचा लाभ इतर कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनीही घेतला. अभियांत्रिकीची मान्यताप्राप्त पदवी देणारी अमेरिकेत महिला कॉलेजं दोनच, त्यातलं एक हे. म्हणजे मेळाव्यातल्या त्या गाण्यांमागे काहीतरी घडवणारी जागा होती.

आता त्या मृत्युपत्राकडे वळू. ‘फक्त गोऱ्या मुली’ ही अट साठ वर्षं कुणाला फारशी बोचली नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. १९६० च्या दशकात वारं बदललं. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा आला. त्याच वर्षी स्वीट ब्रायरनं कोर्टाची पायरी चढली आणि मागणी केली, की ही अट पाळण्यातून आम्हाला मोकळं करा. राज्य सरकारचे वकील विरोधात उभे राहिले. मृत्युपत्र म्हणजे मृत्युपत्र, दात्याची इच्छा मोडता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. १९६६ मध्ये फेडरल कोर्टानं तात्पुरता मनाईहुकूम दिला आणि त्या सप्टेंबरात पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी वर्गात येऊन बसली. प्रकरण थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आलं आणि १९६७ मध्ये निकाल लागला, की राज्याला वंशभेदाची ही अट अमलात आणता येणार नाही. म्हणजे साठच्या दशकात कॉलेजची लढाई होती ती संस्थापिकेच्या शब्दातून सुटण्याची. हे ध्यानात ठेवा, कारण पन्नास वर्षांनी लढाई होणार होती ती त्याच शब्दाला धरून ठेवण्याची.

अमेरिकेत १९६० च्या सुमारास महिला कॉलेजं दोनशेतीसच्या घरात होती. मोठी पुरुष-विद्यापीठं मुलींना घेऊ लागली, तशी मुलींना वेगळ्या कॉलेजची गरज वाटेनाशी झाली. काही कॉलेजं बंद पडली, काही मुलग्यांना घेऊ लागली, काही मोठ्या विद्यापीठांत विरघळली. २०१४ पर्यंत पन्नासही उरली नाहीत. प्रत्येक ठिकाणी माजी विद्यार्थिनी हळहळल्या, काही ठिकाणी भांडल्याही. कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजच्या विश्वस्तांनी १९९० मध्ये मुलगे घ्यायचं ठरवलं, तेव्हा विद्यार्थिनींनी संप केला, माजी विद्यार्थिनींनी पैशाचा शब्द दिला आणि निर्णय फिरवायला लावला. पण तेही २०२२ मध्ये दुसऱ्या विद्यापीठात विलीन झालं.

स्वीट ब्रायरच्या शेजारच्याच लिंचबर्ग शहरातलं उदाहरण तर अगदी ताजं होतं. रँडॉल्फ-मेकन वुमन्स कॉलेज हे तिथलं नावाजलेलं कॉलेज. विश्वस्तांनी ते २००७ पासून मुलग्यांना खुलं केलं, नावातून ‘वुमन्स’ काढलं, संग्रहातली मौल्यवान चित्रं विकायला काढली. विद्यार्थिनी कोर्टात गेल्या. २००८ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हे कॉलेज म्हणजे कायद्यानं नोंदलेलं महामंडळ आहे. त्याला विश्वस्त-निधीचे नियम लावता येत नाहीत. विद्यार्थिनी हरल्या. जॉर्ज बेलोज या चित्रकाराचं एक प्रसिद्ध चित्र २०१४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीला विकलं गेलं. हे सगळं स्वीट ब्रायरच्या माजी विद्यार्थिनींनी वीसेक किलोमीटरवरून पाहिलं होतं. पुढच्याच वर्षी पाळी त्यांच्यावर आली.

विश्वस्तांची बाजूही सांगायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. विद्यार्थिनी घटत होत्या. आलेल्यांना टिकवायचं तर फीमध्ये मोठी सूट द्यावी लागत होती. आठ-नऊ कोटी डॉलरची कायम ठेव होती, पण तिचा बराच भाग दात्यांनी ठरावीक कामांसाठी बांधून दिलेला. पगाराला आणि विजेच्या बिलाला तो हात लावता येत नाही. आजच्या मुलींना खेड्यातलं कॉलेज नको, निव्वळ मुलींचं कॉलेज नको. तेव्हा पैसे पूर्ण संपून दिवाळं निघण्यापेक्षा हातात थोडं आहे तोवर नीट आवरतं घेऊ, असा त्यांचा हिशेब. प्राध्यापकांना, विद्यार्थिनींना, माजी विद्यार्थिनींना मात्र कुणी आधी विश्वासात घेतलं नव्हतं. ‘आम्हाला विचारलं असतं तर’ हेच वाक्य त्यानंतर जो तो म्हणत होता. घर विकल्यावर बहिणीला कळवावं, तसंच हे झालं.

इथून पुढे जे घडलं, त्यात मला इतिहासाची अभ्यासक म्हणून सगळ्यात जास्त रस आहे. शंभर वर्षं ज्याला आपण मेळावा म्हणून हसतो, गाणी-फोटो-फराळ म्हणून हलक्यात घेतो, ते जाळं या बायकांनी काही दिवसांत कामाला लावलं. कोण कुठल्या सालची, कोण कुठल्या गावी, कुणाचा फोन कुणाकडे, हे सगळं तयारच होतं. प्रत्येक तुकडीची एक जण जुन्या मैत्रिणींची ख्यालीखुशाली गोळा करत असे. तीच आता निधी गोळा करू लागली. त्यांच्यात वकील होत्या, हिशेब तपासनीस होत्या, बँकेत काम केलेल्या होत्या, वर्तमानपत्रांत लिहिणाऱ्या होत्या. मार्च महिन्यातच ‘सेव्हिंग स्वीट ब्रायर’ नावाची संस्था नोंदली गेली. घरांच्या अंगणांत गुलाबी-हिरवे फलक लागले. कुणी जुने ताळेबंद घेऊन बसलं आणि विश्वस्तांनी सांगितलेल्या आकड्यांवर प्रश्न विचारू लागलं. देणगीचे शब्द कोटी डॉलरच्या पुढे गेले.

पण नुसत्या पैशानं काम होणार नव्हतं. विश्वस्त ऐकायलाच तयार नव्हते. तेव्हा पुढे आल्या ॲमहर्स्ट काउंटीच्या सरकारी वकील एलन बोयर. ३० मार्चला त्यांनी दावा लावला. मुद्दा असा, की हे कॉलेज एका मृत्युपत्रातून निघालं आहे. संस्थापिकेनं ते कायम चालवायला सांगितलं आहे. विश्वस्त हे तिच्या इच्छेचे राखणदार आहेत, मालक नाहीत. कॉलेज चालवण्यासाठी लोकांनी दिलेला पैसा ते बंद करण्यासाठी कसा वापरता? प्राध्यापकांनी वेगळा दावा लावला, विद्यार्थिनी-पालकांनी वेगळा. राज्याच्या महाधिवक्त्यांचं आधी म्हणणं होतं, की असा दावा लावण्याचा अधिकार काउंटीच्या वकिलांना नाहीच. एप्रिलमध्ये खालच्या कोर्टानं एवढंच मान्य केलं, की कॉलेज चालवण्यासाठी जमवलेल्या देणग्या साठ दिवस बंद करण्याच्या कामासाठी वापरू नयेत. बाकी सारं तसंच राहिलं. दुसरीकडे मुली इतर कॉलेजांत प्रवेश घेत होत्या, प्राध्यापक नोकऱ्या शोधत होते. घड्याळ विश्वस्तांच्या बाजूनं धावत होतं.

मे महिन्यात पदवीदान झालं. सगळ्यांना वाटत होतं, हे शेवटचंच. पाहुण्या होत्या टेरेसा टॉमलिनसन, जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस शहराच्या महापौर आणि याच कॉलेजच्या १९८७ सालच्या पदवीधर. निरोपाच्या समारंभाला बोलावलेल्या या बाई काही महिन्यांनी कॉलेजच्या नव्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष झाल्या, हे त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

९ जूनला व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. खालच्या कोर्टाची चूक झाली आहे, संस्था महामंडळ असली म्हणून तिला विश्वस्त-निधीचा कायदा लागूच होत नाही असं म्हणता येणार नाही, असं सांगून प्रकरण परत पाठवण्यात आलं. निकाल पूर्ण बाजूचा नव्हता, पण दार किलकिलं झालं होतं. मग महाधिवक्त्यांनीच मध्यस्थी केली. २० जूनला तडजोड जाहीर झाली आणि २२ तारखेला न्यायाधीशांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. अटी अशा: माजी विद्यार्थिनींच्या संस्थेनं कॉलेजला एक कोटी वीस लाख डॉलर आणून द्यायचे, त्यातले पहिले पंचवीस लाख पंधरवड्याच्या आत. कायम ठेवीतल्या एक कोटी साठ लाख डॉलरवरची बंधनं महाधिवक्ते उठवतील. अध्यक्ष पायउतार होतील. आणि विश्वस्त मंडळात बहुमत राहील ते माजी विद्यार्थिनींच्या संस्थेनं सुचवलेल्या माणसांचं. जुलैच्या सुरुवातीला फिलिप स्टोन हे नवे अध्यक्ष रुजू झाले. पंचवीस लाख वेळेत पोचले. उरलेले सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पोचले.

गोष्ट इथे संपवली तर टाळ्यांची होईल. पण संस्था वाचवणं आणि संस्था चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेच्या चिटणीसाला विचारा. त्या ऑगस्टमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा मुली होत्या अडीचशेच्या आसपास. इमारतींच्या डागडुजीला माणसं कमी होती. तेव्हा माजी विद्यार्थिनी पुन्हा आल्या, यावेळी हातमोजे आणि खुरपी घेऊन. उन्हाळ्याच्या सुटीत आठवडा-आठवडा राहायचं, तण काढायचं, खोल्या रंगवायच्या, पडदे शिवायचे, खिडक्या पुसायच्या, असा शिरस्ता पडला. साठीतली वकील आणि पंचविशीतली शिक्षिका एकाच जिन्याच्या कठड्याला रंग लावत आहेत, रात्री वसतिगृहाच्या त्याच जुन्या खोल्यांत झोपत आहेत. मेळाव्याची याहून चांगली तऱ्हा मला तरी माहीत नाही. आपापल्या गावातल्या शाळांमध्ये जाऊन नव्या मुलींना कॉलेजची माहिती सांगण्याचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं.

२०१७ मध्ये मेरेडिथ वू अध्यक्ष झाल्या. त्यांनी अभ्यासक्रमाची फेरमांडणी केली, आणि कागदावर भरमसाट फी लावून मग सूट देण्याऐवजी फीच सरळ कमी केली. राहण्या-जेवणासकट वर्षाचे पन्नास हजार डॉलर होते, ते चौतीस हजारांच्या आसपास आणले. पडून असलेल्या जमिनीवर द्राक्षमळा, मोठं हरितगृह, मधमाश्यांच्या पेट्या आल्या. आणि २०२३ मध्ये मेरी पोप हटसन अध्यक्ष झाल्या, १९८३ सालच्या पदवीधर. शतकाहून अधिक वर्षांत या कॉलेजचं अध्यक्षपद त्याच्याच एका विद्यार्थिनीकडे आलं, ते पहिल्यांदा.

आणि तरीही त्या मृत्युपत्राचं काम संपलेलं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वस्तांनी प्रवेशाचा नवा नियम केला. जन्मतः स्त्री म्हणून नोंदलेल्या आणि स्त्री म्हणूनच जगणाऱ्या मुलींनाच प्रवेश मिळेल असा तो नियम. त्याला आधार दिला तो पुन्हा इंडियानाच्या शब्दांचा. १९०० साली त्या शब्दांचा जो अर्थ होता तोच आजही धरला पाहिजे, असा. प्राध्यापकांच्या मोठ्या बहुमतानं नियम मागे घ्या असं सांगितलं. विद्यार्थिनी आणि माजी विद्यार्थिनींमधूनही विरोधाचे आवाज उठले. काहींना नियम योग्य वाटला. ज्या बायका २०१५ मध्ये खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, त्यांच्यात आता मतभेद झाले.

मला यात आश्चर्य वाटत नाही. एकच कागद. १९६७ मध्ये त्याची एक ओळ निरर्थक ठरवून कॉलेजची मान ताठ झाली, २०१५ मध्ये त्याच कागदातल्या दुसऱ्या ओळीनं कॉलेजचा जीव वाचला आणि २०२४ मध्ये पुन्हा त्याच्या अर्थावरून भांडण. मेलेल्या माणसाची इच्छा किती पाळायची आणि कुठे सोडायची, हे तो कागद सांगत नाही. ते मागे राहिलेल्यांनीच ठरवावं लागतं आणि प्रत्येक पिढीनं नव्यानं ठरवावं लागतं. संस्थापिकेला वारस उरला नव्हता. तिच्या मुलीच्या समाधीवर दरवर्षी फुलं वाहणाऱ्या या शेकडो-हजारो परक्या मुलीच तिच्या वारस झाल्या. वारस म्हटलं की भांडणं आलीच. ज्या घरात बहिणींनाही भांडण्याचा हक्क असतो, त्या घराला जिवंत म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे हिंगण्याच्या पार्वतीबाई आठवल्यांची आठवण इथे मला येते. विधवा होऊन आश्रमात शिकायला आलेली ही बाई पुढे त्याच आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडली. १९१८ मध्ये थेट अमेरिकेला गेली आणि इंग्रजी शिकता यावं म्हणून तिथल्या घरांत कामंही केली. तिची ‘माझी कहाणी’ आपल्या ग्रंथालयांत आहे, जरूर वाचावी. शिकून बाहेर पडलेल्या बाईनं संस्थेची चार दिवसांची पाहुणी न राहता तिचा भार उचलावा, ही रीत आपल्यालाही नवी नाही. मधल्या काळात आपण ती थोडी विसरलो, इतकंच.

म्हणून श्रोतेहो, पुढच्या वेळी तुमच्या शाळेच्या, कॉलेजच्या किंवा वसतिगृहाच्या मेळाव्याचं बोलावणं आलं तर जरूर जा. फोटो काढा, नकला करा, पोटभर हसा. पण निघण्यापूर्वी कार्यालयात डोकावून एक-दोन प्रश्नही विचारा. यंदा मुली किती आल्या? छप्पर गळतंय का? ताळेबंद बघायला मिळेल का? कार्यालयातली माणसं कदाचित चमकून बघतील. बघू द्यात.